इंग्लंडमधल्या खासगी ‘गर्ल्स डे स्कूल’ कशासाठी सुरू झाल्या?

थोडक्यात सांगायचं तर, मुलींना मुलांच्या तोडीचं शिक्षण मिळावं म्हणून. ‘डे’ म्हणजे वसतिगृह नाही, शाळा सुटली की मुलगी घरी. त्यामुळे खर्च कमी, आणि मध्यमवर्गीय घरांना तो झेपायचा.

त्याआधी मुलींना शिकवत काय, तर थोडं फ्रेंच, पियानो, भरतकाम. गणिताचं तर नावच नको! फ्रान्सिस मेरी बस यांनी 1850 मध्ये लंडनमध्ये नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूल काढलं, तेव्हा त्या जेमतेम 22-23 वर्षांच्या होत्या. 1863 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या शालेय परीक्षेला मुलींना प्रयोगादाखल बसू दिलं, तर मोठ्या वयोगटातल्या बहुतेक जणी अंकगणितात नापास! बसबाईंनी मुलींना दोष दिला नाही, गणिताची शिकवणीच सुधारली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. 1865 पासून ही परीक्षा मुलींना रीतसर खुली झाली.

पुढे सरकारी चौकशी आयोगानेही मुलींच्या शिक्षणाची दैना मांडली. मग 1872 मध्ये मारिया ग्रे, त्यांची बहीण एमिली शिरेफ वगैरेंनी चक्क लोकांना शेअर विकून ‘गर्ल्स पब्लिक डे स्कूल कंपनी’ उभारली. पहिली शाळा 1873 मध्ये लंडनच्या चेल्सी भागात. नावात ‘पब्लिक’ असलं तरी ती सरकारी नव्हती. अर्थ एवढाच, की कुठल्याही थरातली, कुठल्याही पंथाची मुलगी तिथे येऊ शकते.

आजही या शाळा फीवर चालतात, काही ठिकाणी गरजू मुलींना फीमाफीही मिळते.