वाचकांचे प्रश्न : हार्टमानच्या सिंफन्या घरी ऐकताना

प्रश्न (धरमपेठ) : बेथोव्हेन, ब्राम्स बऱ्यापैकी ऐकून झाले. जर्मन संगीतकार कार्ल आमाडेउस हार्टमानच्या आठ सिंफन्यांपैकी (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या, भागांत विभागलेल्या रचना) कुठून सुरुवात करावी? कोणतं ध्वनिमुद्रण घ्यावं?

चौथीपासून. ती फक्त तंतुवाद्यांची आहे, त्यामुळे ब्राम्सवर तयार झालेल्या कानाला ओळखीचा धागा सापडतो. अर्ध्या तासाच्या आसपासची रचना. दोन्ही टोकांना संथ भाग, मधे एक जलद. त्यानंतर सहावी. तिचे भाग दोनच. पहिला संथ, हळूहळू चढत जाणारा. दुसरा फ्यूगवर उभा आहे. फ्यूगमध्ये एका वाद्यगटाने मांडलेली सुरावट दुसरा गट उचलतो आणि पहिला मात्र थांबत नाही, तो पुढे काहीतरी वेगळं वाजवत राहतो. म्हणून सुरावट पहिल्यांदा येते तेव्हाच ती गुणगुणून पक्की करा, नाहीतर पुढे नुसता गलका ऐकू येतो. पहिल्या सिंफनीत वॉल्ट व्हिटमनच्या कविता आल्टो आवाजात (स्त्रीच्या खालच्या पट्टीतल्या) जर्मनमधून गायल्या आहेत. शब्द समोर नसतील तर ती तूर्तास बाजूला ठेवा.

ध्वनिमुद्रणांत वेर्गो कंपनीचा बव्हेरियन रेडिओ ऑर्केस्ट्राचा संच जुना, पण संथ भागांचं वजन त्यात आहे. त्यातल्या बऱ्याच सिंफन्या राफाएल कुबेलिकच्या संचालनाखाली वाजल्या आहेत. आठवीचा पहिला प्रयोग जानेवारी १९६३ मध्ये कोलोनला त्यानेच केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हार्टमान वारला. १९९० च्या दशकात संचालक इंगो मेट्झमाखरने बांबेर्ग ऑर्केस्ट्राबरोबर ईएमआयसाठी केलेल्या मुद्रणांत मधल्या वाद्यांच्या सुरावटीही सुट्या, स्वच्छ ऐकू येतात. चौथी कुबेलिककडून आणि सहावी मेट्झमाखरकडून ऐकावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. नेदरलँड्स रेडिओ फिलहार्मोनिकच्या संचात संचालक अनेक असल्याने एकसूत्रीपणा कमी वाटतो. संचालक फेरेन्त्स फ्रिचायची १९५० च्या दशकातली सहावी मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरमधून एकच आवाज येतो. तिची धाव मात्र अजून कुणाला गाठता आलेली नाही.

प्रश्न (प्रतापनगर) : हार्टमानच्या एकाच सिंफनीपुढे कुठे १९३६ छापलेलं दिसतं, कुठे १९५५. खरं साल कोणतं?

दोन्ही. हार्टमान म्युनिकचा, जन्म १९०५. नाझी राजवटीत तो देशातच राहिला, पण तिथे आपल्या रचना वाजू दिल्या नाहीत. डाखाऊच्या छळछावणीतल्या मृतांना अर्पण केलेली ‘मिझेरे’ १९३५ मध्ये प्रागला वाजली, हेर्मान शेर्खेनच्या संचालनाखाली. युद्धानंतर त्याने जुन्या रचना उसवल्या आणि त्यांतून क्रमांकाच्या सिंफन्या केल्या. पहिली १९३५-३६ ची, पण तिचं आजचं रूप १९५४-५५ चं. चौथी मूळ १९३८ ची. तिच्या शेवटी सोप्रानोचं (स्त्रीच्या उंच आवाजातलं) गाणं होतं, ते काढून नवा संथ भाग लिहिला. सहावीचं मूळ एमिल झोलाच्या कादंबरीवरच्या जुन्या रचनेत आहे. त्यामुळे क्रमांकावरून काळ ठरवू नका. चौथी तर तिसरीच्या आधी पूर्ण झाली. आणि ‘मिझेरे’ ही वेगळी रचना आहे. तिलाच पहिली सिंफनी समजून विकत घेऊ नका.

प्रश्न (मनीषनगर) : या सिंफन्यांची सुरुवात ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर दहा मिनिटांनी अख्खा फ्लॅट हादरतो. उपाय?

आवाज सुरुवातीवर ठरवता, इथेच चुकतं. सहावीच्या दुसऱ्या भागातली तालवाद्यांची जागा आधी लावा, शेजाऱ्यांना चालेल इतका आवाज तिथे ठेवा आणि मग पहिल्यापासून ऐका. नंतर बटणाला हात लावू नका.

आता सुरुवात कुजबुजीसारखी वाटेल. ती ऐकू यायला खोली शांत हवी, आणि मे महिन्यात नागपुरात खोलीतला सगळ्यात मोठा आवाज कूलरचा. त्याची घरघर खालच्या स्वरांत पसरते आणि चेलो-डबल बासचे हळू स्वर पार गिळून टाकते. खोली आधी गार करून घ्या आणि एका भागापुरता कूलर बंद ठेवा. रात्री अकरानंतरची वेळ उत्तम.

फोनवरून ऐकत असाल तर आवाज सारखा करणारी सोय बंद करा. प्रत्येक भाग वेगळा मोजला गेला की संथ भाग उचलला जातो, जलद भाग दाबला जातो आणि रचनेचा चढच नाहीसा होतो. ख्यालातली बढत समजणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

टाइल्सची फरशी आणि उघड्या भिंती असतील तर एकदा जोरात टाळी वाजवा. मागोमाग टण्ण असा आवाज आला तर झांजा आणि झायलोफोन (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) कानात टोचणारच. स्पीकर आणि तुम्ही यांच्यामध्ये जाड सतरंजी टाका, समोरच्या भिंतीला पडदा लावा. स्पीकर कोपऱ्यात असतील तर दीड-दोन फूट बाहेर ओढा, कारण कोपरा टिंपानीचा (ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यांचा) आवाज फुगवतो आणि त्याच घुमण्याने खालचा मजला तक्रार करतो.

प्रश्न (महाल) : जुन्या एलपी उन्हाळ्यात वाकल्या. सरळ होतील का?

काचेच्या दोन तुकड्यांत दाबून उन्हात ठेवण्याचा उपाय करू नका. तबकडी सपाट दिसेल, पण खाचा बिघडतील. थोडी वाकलेली असेल आणि सुई उडत नसेल तर तशीच वाजवा. राहिलेल्या तबकड्या स्लॅबखालच्या माळ्यावरून काढा, उभ्या ठेवा, तिरक्या रेलू देऊ नका. कूलरच्या झोतातही नकोत. त्या ओलीने कव्हरला बुरशी धरते. आणि दुपारी गाडीत तर अर्धा तासही नको.