विणता विणता: पहिली मेंढी, पहिला बैल

प्रश्न : शाळेत रुमालाला क्रोशाने लेस विणली होती, त्यामुळे साखळी आणि खांब येतात, बाकी काही नाही. नातीसाठी गोठ्यातला एखादा प्राणी विणायचाय, भरलेला, मऊ. कुठल्यापासून सुरुवात करू? – एक आजी, सातारा

मेंढी घ्या आजी. गाय म्हटली की ठिपके आले, म्हणजे मधेच रंग बदलणं आलं, घोड्याला मान आणि आयाळ, कोंबडीला तुरा, चोच आणि वर त्या काडीसारख्या तंगड्या. मेंढीचं अंग म्हणजे एक लांबट चेंडू, डोकं म्हणजे छोटा चेंडू, मग चार पाय नि दोन कान, संपलं. एकदा चेंडू विणता आला की अख्खा गोठा येतो. फक्त ती केसाळ, फरवाली लोकर घेऊ नका, दुकानात मोह होतो की मेंढीला शोभेल म्हणून, पण तिच्यात टाकाच दिसत नाही आणि नवीन माणूस पुढचा टाका नुसता चाचपडत बसतो. साधी ४ प्लाय, म्हणजे चार पदरी लोकर घ्या, अंगाला पांढरी किंवा साय रंगाची, डोक्या-पायांना तपकिरी (काळीही छान दिसते पण रात्री ट्यूबलाइटखाली काळे टाके मोजून बघा म्हणजे कळेल). सुई २.५ किंवा ३ एमएम. लेबलवर याहून जाड सुई लिहिलेली असेल तरी बारीकच घ्यायची, लेबलवरची सुई स्वेटर-शालीसाठी असते आणि खेळण्याला टाका घट्टच लागतो.

आता अंग. सगळं मुक्या खांबात, म्हणजे सुईवर आधी दोरा न गुंडाळता घालायचा बुटका खांब, यूट्यूबवर ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यात. मॅजिक रिंग (सुरुवातीला दोऱ्याचा ओढून आवळता येणारा फास) जमत नसेल तर सोडून द्या, २ साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत ६ मुके खांब घाला, काम तेच होतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन, झाले १२. तिसरीत एक साधा, एकात दोन, झाले १८. चौथीत दोन साधे, एकात दोन, २४. पाचवीत तीन साधे, एकात दोन, ३०. मग वाढवणं बंद, ७ फेऱ्या नुसत्या ३०-३० च्या, इथे टीव्ही बघत विणलं तरी चालतं. त्यानंतर कमी करत यायचं, तीन साधे आणि पुढचे दोन मिळून एक, असं फेरीभर केलं की २४, मग दोन साधे आणि दोनाचा एक, १८. इथे थांबून फायबर (उशांत भरतात तो कृत्रिम कापूस) भरा, कारण नंतर तोंड इतकं लहान होतं की बोट जात नाही. मग १२, मग ६, आणि दोरा ओवून तोंड आवळून टाका. दोनाचा एक करताना दोन्ही टाक्यांचा फक्त पुढचा-पुढचा धागा सुईवर घ्यायचा आणि मग विणायचं, तिथे गाठीसारखा फुगवटा येत नाही, एवढी एक युक्ती शिकलात तरी खेळणं विकतचं वाटतं.

डोकं ६, १२, १८, मग ४ फेऱ्या १८ च्या, एक फेरी कमी करून १२, भरायचं आणि हातभर दोरा ठेवून तोडायचं, त्याच दोऱ्याने डोकं अंगाला शिवायचं. पाय ६ टाक्यांच्या नळ्या, ५ फेऱ्या पुरे. कान म्हणजे ६ टाक्यांच्या दोन फेऱ्या विणून बोटांनी चपटे करायचे. शिवायच्या आधी सगळं टाचण्यांनी लावून मेंढी टेबलावर उभी करून बघा हं, एकदा शिवल्यावर तिरका पाय सरळ करायचा म्हणजे सगळं उसवणं आलं.

प्रश्न : प्रत्येक फेरीत माझे टाके कमी-जास्त होतात. ३० असायला हवेत तर कधी २८, कधी ३२. मोजून मोजून वैताग आलाय. – एक वाचक, डोंबिवली

तुम्ही फेरीची खूण ठेवत नसणार. हे विणकाम गोल-गोल जिन्यासारखं वर चढत जातं, फेरी जोडून बंद करायची नसते, त्यामुळे कुठे संपली ते नुसतं बघून कळत नाही. फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, परत तिथे आलात की पिन काढा, टाका घाला, आणि पिन त्या नव्या टाक्यात. स्टिच मार्करचं पाकीट मिळतं, छान असतं, पण गरज काही नाही. आणि टाका घालताना वरचे दोन्ही धागे सुईवर येतायत ना बघा. एक-दोनचा फरक पडलाच तर अख्खी फेरी उसवू नका, ३० च्या सरळ फेऱ्यांत कुठेतरी एक वाढवला नाहीतर कमी केला तर मेंढीला काही फरक पडत नाही, पण सुरुवातीच्या वाढवायच्या फेऱ्यांत मात्र चुकलं की उसवाच, तिथे गोल वाकडा झाला की शेवटपर्यंत वाकडाच राहतो.

प्रश्न : इंग्रजी पॅटर्न छापून घेतला, त्यात डबल क्रोशे लिहिलंय तसंच केलं, आकार आला पण सगळी जाळी-जाळी, आतला फायबर दिसतो. लोकर खराब आहे का? – नाव नको, नाशिक

लोकर चांगली आहे, पॅटर्न ब्रिटिश आहे. ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि अमेरिकन पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणजे आपला नेहमीचा उंच खांब, तुम्ही उंच खांब विणलात आणि उंच खांबांमधून फायबर डोकावणारच. ओळखायचं सोपं आहे, पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे कुठेही आलं की तो अमेरिकन, कारण ब्रिटिशांकडे सिंगल क्रोशे नावाचा टाकाच नाही. शिवाय उलटं-सुलटं बघा, सुलट बाजूला इंग्रजी व्हीच्या रांगा दिसतात, उलट बाजूला आडव्या रेघा, भरायच्या आधी सुलट बाजू बाहेर आली पाहिजे.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला मोठ्या मुलाचा लाकडी बैल आहेच, धाकट्यासाठी मऊ बैल करायचाय. मेंढी केलीय एकदा. जमेल? – एक आई, नागपूर

का नाही जमणार! मेंढीचंच अंग, फक्त ३० च्या फेऱ्या ७ ऐवजी १० करा. पाय मात्र मेंढीचे चालणार नाहीत, बैल त्यावर उभा राहत नाही, म्हणून ६ ने सुरू करून दुसऱ्या फेरीत ९ करा, पुढे ६ फेऱ्या आणि ठासून भरा. बैलपण येतं ते वशिंड आणि शिंगांनी. वशिंड म्हणजे ६, १२, १८ आणि त्यावर एक साधी फेरी, थोडं भरून खांद्याच्या जरा मागे शिवायचं, अगदी मधोमध शिवलंत तर उंट होतो. शिंगं ४ टाक्यांवर सुरू करा, पुढच्या फेरीत ६, मग ६ फेऱ्या. खिल्लार हवा असेल तर अंग पांढरं ठेवा, शिंगं आणखी लांब करा आणि एका बाजूच्या टाक्यांतून दोरा ओवून हलकेच ओढा, शिंग छान मागे वळतं. झूल म्हणजे नुसता चौकोन, १५ साखळ्यांवर जा-ये करत मुके खांब, मुलाला हवा तो रंग. घुंगरू लावायचा मोह आवरा, धाकट्याच्या तोंडात जाईल.

प्रश्न : भाची ८ महिन्यांची आहे. डोळे कुठले लावू? आणि घरात कापूस पडून आहे, तो भरला तर? – एक मावशी, कोल्हापूर

प्लास्टिकचे डोळे नकोत, मागून वॉशर लागणारे सेफ्टी आय असले तरी ३ वर्षांखालच्या बाळाला नकोतच, मण्यांचं तर नावच काढू नका. काळ्या दोऱ्याने डोळे भरा, दिसतातही गोड. कापूस भरता येतो पण एकदा धुतला की त्याच्या गुठळ्या होतात आणि पावसाळ्यात तर आतून वाळता वाळत नाही, वास येतो, आणि ८ महिन्यांच्या बाळाचं खेळणं धुवावं लागणारच की. शेवरीचा कापूस त्याहून वाईट, टाक्यांतून बाहेर येतो. फायबर विकत आणा, नाहीतर फायबरची जुनी उशी असेल तर फोडून, धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून वापरा.

प्रश्न : मैत्रिणी म्हणतात विकायला सुरू कर. करू का? – एक गृहिणी, पुणे

करा, पण एक माहीत असू द्या. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयात नोंदणी असलेल्या कारागिरांना, स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांसाठी, यातून सूट आहे, त्यामुळे आधी त्या नोंदणीची चौकशी करा. आणि भाव सांगताना नुसता लोकरीचा खर्च धरू नका, मैत्रिणींना तर मुळीच नको.