योगशिक्षक व्हायचंय? आधी मागच्या ओळीत बसा

वाचकांच्या प्रश्नांना गोव्यातल्या फोंड्याच्या एका योगशिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : बाई, मी साखळीची, वय 43. गेली काही वर्षं पंचायतीच्या सभागृहात सकाळच्या योगवर्गाला जात होते. आमच्या शिक्षिका मुलीकडे पुण्याला राहायला गेल्या आणि वर्ग बंद पडला. सोबतच्या बायका म्हणतात, आता तूच घे. भाचा म्हणतो, हरमलला महिनाभराचा 200 तासांचा कोर्स कर, आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट मिळेल. यजमान म्हणतात, सरकारी परीक्षा दे. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून पुढे वाकताना, माझं कपाळ अजून गुडघ्याला लागत नाही. इंग्रजीही कच्चं आहे. या वयात शिक्षिका होता येईल का, आणि कुठली वाट धरू?

उत्तर : ताई, सर्टिफिकेटांचं आधी बोलून घेते, कारण सगळे तिथेच अडतात.

हरमल, मांद्रे, पाळोळे, आगोंद इथे चालणारे 200 तासांचे कोर्स बहुतेक करून योगा अलायन्स या अमेरिकी संस्थेच्या निकषांवर बेतलेले असतात. ही संस्था स्वतः कोणाची परीक्षा घेत नाही. ती शाळांची आणि शिक्षकांची नोंदणी करते. शिकवते शाळा, आणि सर्टिफिकेटही शाळाच देते. त्यामुळे कागदावरचं बोधचिन्ह तेच असलं तरी आतलं शिक्षण शाळेगणिक बदलतं. शरीररचना आणि शरीरक्रिया यांना त्यात निदान 30 तास द्यावे लागतात. ते कोण शिकवतं, डॉक्टर की कोर्सचाच एखादा जुना विद्यार्थी, हे पैसे भरण्याआधी विचारा. आणि हिशेब करून बघा: 200 तास चार आठवड्यांत, आठवड्याला एक सुट्टी धरून, म्हणजे रोजचे आठ तासांहून जास्त. त्रेचाळिसाव्या वर्षी गुडघे आणि मनगटं ते सोसतील, पण शिकलेलं अंगात मुरायला वेळ कुठे उरतो? परदेशी साधकांना शिकवायचं असेल तर ही वाट बरी. साखळीच्या सभागृहासाठी तिची गरज नाही.

यजमान म्हणतात ती परीक्षा योग प्रमाणन मंडळाची. आयुष मंत्रालयाने हे मंडळ 2018 साली स्थापन केलं. पहिली पायरी योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, दुसरी योग वेलनेस इन्स्ट्रक्टर, आणि त्यापुढे शिक्षक-परीक्षक आणि योग मास्टर. लेखी परीक्षा असते, पण जास्त गुण प्रात्यक्षिकाला. आसन करून दाखवायचं आणि दुसऱ्याला शिकवूनही दाखवायचं. तुम्हाला मी हीच सुचवेन. पंचायत, शाळा, महिला मंडळ, कुठेही वर्ग घ्यायला उभ्या राहिलात तरी हा कागद चालतो.

मी स्वतः तिसऱ्या वाटेने गेले. म्हार्दोळजवळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. फळ्यावर हात वर धरून लिहिताना उजवा खांदा धरायचा, मान वळायची नाही. गावातल्या एका निवृत्त मास्तरांकडे आसनं करायला जाऊ लागले आणि खांद्याबरोबर बाकीचंही बरंच काही सुटलं. लोणावळ्याच्या कैवल्यधामचं नाव त्यांनीच सांगितलं. बिनपगारी रजा घेऊन गेले. घरी सासूबाईंनी सगळं निभावून नेलं, तेवढ्यावरच ते जमलं.

कैवल्यधाम 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी सुरू केलं. उड्डियान (पोट आत ओढून घेणं) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं होतं. शंभर वर्षांपूर्वी! तिथे शिकताना मला लागलेली सगळ्यात मोठी सवय म्हणजे प्रत्येक विधानाला 'कशावरून?' विचारायचं. अमुक आसनाने थायरॉइड बरा होतो म्हणे. कशावरून? आज समाजमाध्यमांवर योगाच्या नावाने जे काही सांगितलं जातं ते वाचून मला खरोखर वाईट वाटतं. लोक गोळ्या बंद करतात हो, अशा वाक्यांवर विसंबून. शिक्षिका झालात की तुमच्या तोंडून असं एकही वाक्य जाऊ देऊ नका.

तिथल्या माझ्या शिक्षिकेने मला बरेच दिवस वर्गात एकही सूचना देऊ दिली नाही. मागच्या ओळीत बसवायच्या आणि वर्ग संपला की विचारायच्या, भुजंगासनात श्वास कोणी कोणी धरून ठेवला होता? सुरुवातीला मला काहीच सांगता येईना. मग हळूहळू दिसू लागलं. धरलेला श्वास पोटाकडे बघून कळत नाही. तो दिसतो गळ्याखालच्या खाचेत. ती खाच आत ओढली जाते, तिच्या दोन्ही बाजूंच्या शिरा ताठ होतात. जबडा घट्ट होतो. खांदे कानांकडे सरकतात. पायाची बोटं जमिनीत रुततात. आसन बाहेरून अगदी चित्रातल्यासारखं असतं आणि आत माणूस घुसमटलेला असतो. हे दिसायला लागल्यावर मग मला सूचना द्यायची परवानगी मिळाली, आणि तीही एकच: श्वास सोडा.

आज फोंड्याच्या वर्गात मी कोकणीच बोलते. उस्वास सोड, खांदे सकयल सोड, म्हणजे श्वास सोड, खांदे खाली सोड. इंग्रजीवाचून माझं अडलेलं नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्याला शिकवायला आले तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते, मॅट्रिक झालेले नव्हते आणि त्यांना मराठी येत नव्हतं. पुढे त्यांनी जगभर शिकवलं.

राहिलं तुमचं कपाळ आणि गुडघा. माझ्या वर्गात एक बाई येतात. त्या बाजारात आदोळीवर (विळीवर) बसून मासळी कापून देतात. वर्षानुवर्षं बसण्याची एकच पद्धत, उजवा गुडघा उभा, डावा पाय आदोळीच्या पाटावर दाबलेला. मांडी घालायला सांगितली की त्यांचा डावा गुडघा सहज खाली जातो, उजवा वर तरंगत राहतो. पहिल्या दिवशी त्या शरमल्या. मी उजव्या मांडीखाली दुमडलेली चादर दिली आणि बैठक थोडी उंच केली. त्यांची पाठ आपोआप सरळ झाली. त्यांना पद्मासन कधी येईल की नाही, मला ठाऊक नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. पतंजलींनी योगसूत्रांत आसनाची व्याख्या 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, एवढीच केली आहे. कपाळ कुठे लागलं पाहिजे हे त्यात नाही. उलट ज्या शिक्षिकेचं कपाळ सहज टेकतं तिला मधल्या पायऱ्या आठवत नाहीत. तुम्हाला त्या रोज भेटतात. घोट्याला ओढणी अडकवून वाकायचं, गुडघे किंचित दुमडायचे, कंबरेतून लांब व्हायचं, हे तुम्ही स्वतःच्या शरीरावर शिकलेलं आहे. तेच शिकवायचं.

तर असं करा. परीक्षेचा अर्ज भरा आणि अभ्यास सुरू ठेवा. तोवर डिचोलीत किंवा पणजीत एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या वर्गात आठवड्यातून दोनदा मागे बसायची परवानगी मागा. आसनं करू नका, फक्त बघा, आणि घरी येऊन वहीत लिहा. आपल्या बायकांना घेऊन बसायला हरकत नाही, पण प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारा: रक्तदाब, काचबिंदू, मणक्याची गादी सरकलेली, नुकतंच झालेलं ऑपरेशन, पाळीचा त्रास, गर्भारपण. रक्तदाब असलेल्या बाईला कपालभाती नको, श्वास रोखून धरणं नको. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत, अधोमुख श्वानासनसुद्धा. गादी सरकलेली असेल तर पुढे वाकणं नको. हाडं ठिसूळ झालेल्या आजीलाही पाठ गोल करून वाकवू नका. शंका आली तर त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत थांबा. चारचौघांत विचारलंत तर कोणी खरं सांगणार नाही, म्हणून एकटीला गाठून विचारा.

प्रश्न : मी मांद्रेचा, वय 24. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये योगशाळेची व्यवस्था बघता बघता मीही 200 तासांचा कोर्स केला. या सीझनपासून मालक सकाळचा वर्ग मला देतो म्हणतात. पण मे संपला की बांबूची शाळा उतरवतात, पाहुणे जातात. पावसाळ्यात काय करू? यावर पोट भरेल का?

उत्तर : बाबा, सकाळचा वर्ग घे. पण ध्यानात ठेव, तिथे समोरचा माणूस आठवडाभर राहून निघून जातो. आदल्या रात्री तो किती वाजता झोपला, काय प्यायला, परवाच विमानातून उतरलाय का, उन्हाने पाठ सोलली आहे का, हे बघून त्या दिवशीचा वर्ग ठरव. ठरलेली वीस आसनं दामटू नकोस. नुसत्या उभ्या ताडासनात माणूस डोलताना दिसला तर सूर्यनमस्कार कमी कर आणि शवासन लांबव.

आणि तुझी शिक्षक म्हणून घडण पावसाळ्यातच होणार आहे. जूनमध्ये तुझ्याच वाड्यावर, देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या वर्गात वर्ग लाव. तेच ते चेहरे महिनोन्महिने समोर असले की तुझ्या शिकवण्याने काय बदललं आणि काय नाही हे तुला दिसेल. आठवड्याच्या पाहुण्यात ते दिसत नाही. पैसे कमी मिळतील, हे सरळ सांगते. माझी पहिली काही वर्षं शाळेच्या पगारावर निघाली. वर्गाच्या शुल्कावर घर चालायला फार वेळ लागला. तेव्हा हातातलं काम एकदम सोडू नकोस. पण पेडणे तालुका बदलतोय. 2022 च्या डिसेंबरात धारगळला आयुर्वेद संस्था सुरू झाली, 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ. तिथे पाळीत काम करणारी तुझ्याच वयाची पोरं आहेत, झोपेची घडी बिघडलेली, पाठ धरलेली. त्यांच्याकडे अजून कोणी फारसं लक्ष दिलेलं नाही. त्यांच्या पाळ्या बघून दुपारचा वर्ग लावलास तर मला वाटतं तो चालेल.

एक बारीकशी गोष्ट. पावसात रबरी मॅट वापरू नको, बुरशी धरते आणि वास जात नाही. गवताच्या चटईवर सुती सतरंजी घाल. ऊन पडलं की दोन्ही वाळत टाकता येतात.

प्रश्न : मी मडगावची, नुकतीच शिकवू लागले आहे. माझ्या वर्गात शेजारच्या ख्रिस्ती बायकाही येतात. सुरुवातीला ओंकार आणि प्रार्थना घ्यावी की नाही?

उत्तर : वर्ग सुरू होण्याआधीच सर्वांना सांगा की सुरुवातीला प्रार्थना होते आणि कोणाला ती म्हणायची नसेल तर शांत बसावं. हे पहिल्याच दिवशी, मोकळेपणाने. मग कोणी अवघडत नाही. माझ्याकडच्या एक जाणत्या बाई त्या वेळात मनात तेर्स (जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना) म्हणतात, आणि त्यांनी ते मला आपणहून सांगितलं, याचा मला फार आनंद झाला.

ओंकाराचा जो उपयोग तुम्हाला हवा आहे, उच्छ्वास लांबणं आणि छातीत कंप जाणवणं, तो भ्रामरीत पुरेपूर मिळतो. हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथातल्या आठ कुंभकांमध्ये, म्हणजे प्राणायामाच्या प्रकारांमध्ये, ती आहे. सोपी करून घ्या: श्वास न रोखता, ओठ मिटून, दात एकमेकांना न टेकवता, भुंग्यासारखा गुंजारव. कान बोटांनी बंद करायचे ते हलकेच, कानाच्या छिद्रापुढच्या लहान उंचवट्यावर दाबून. सर्दी असेल किंवा कान दुखत असेल तर त्या दिवशी नको. त्यात कोणाचीच अडचण होत नाही, सगळ्या एकत्र करतात.

आणि वेळापत्रक बघा. चवथीला वर्ग बंद ठेवता तसा गुड फ्रायडेलाही ठेवा. रविवारी सकाळी चर्चमध्ये मीस (प्रार्थना) असतो, तेव्हा रविवारचा वर्ग संध्याकाळी घ्या किंवा त्या दिवशी सुट्टीच द्या.