परतीच्या मालाचं गणित : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

विकलेला माल, रिकाम्या बाटल्या, क्रेट, बिन, जुन्या बॅटऱ्या हे सगळं ग्राहकाकडून पुन्हा मागे आणण्याच्या कामाला रिव्हर्स लॉजिस्टिक्स म्हणतात. माल पाठवण्यावर आपण जेवढा विचार करतो, त्याच्या चौथाईही तो परत आणण्यावर करत नाही. म्हणून या प्रश्नांचा मला आनंद झाला.

प्रश्न : सिंधुदुर्गात आमचा कोकम सरबताचा छोटा कारखाना आहे. माल जवळपासच्या हॉटेलांना आणि गोव्यात जातो, थोडा मुंबईलाही. काचेच्या बाटल्या परत घ्यायचा विचार आहे. लोक देतील का? आणि परवडेल का?

देतील, पण नुसतं आवाहन करून नाही. बाटली परत करणाऱ्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे, किंवा ती दिल्याशिवाय पुढचा माल मिळता कामा नये.

घरचा गॅस सिलिंडर बघा. रिकामा दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही, आणि पहिल्यांदा घेतानाच अनामत भरलेली असते. त्यामुळे सिलिंडर अडगळीत पडून राहत नाही. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूने बी-२८ असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. एप्रिल ते जून २०२८ या तिमाहीत त्या सिलिंडरची चाचणी व्हायची आहे, असा त्याचा अर्थ. रिकाम्या सिलिंडरचं वजनही त्यावर कोरलेलं असतं. टाकी पुन्हापुन्हा परत येणार, हे धरूनच ती बनवलेली आहे.

दुसरं उदाहरण तमिळनाडूतल्या निलगिरीचं. दारूच्या फुटक्या बाटल्यांनी जंगलातले प्राणी जखमी होत होते. मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर २०२२ मध्ये तिथल्या सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे १० रुपये जादा घेणं सुरू झालं. रिकामी बाटली दुकानात दिली की ते १० रुपये परत. बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या आणि योजना पुढे इतर जिल्ह्यांतही गेली. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर २५ सेंट अनामत आहे. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना विचारा, रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन सुपरमार्केटमध्ये जाणं हा तिथल्या रोजच्या खरेदीचाच भाग आहे.

आता तुमचं. मुंबईचा माल यातून सरळ वगळा. काचेची बाटली रिकामी असली तरी जड असते, आणि चार-दोन बाटल्या तिकडून आणायला जेवढं डिझेल जळेल त्यात पर्यावरणाचा फायदा बुडतो. ज्या हॉटेलांना तुमची स्वतःची गाडी आठवड्याला जाते, तिथेच सुरू करा. गाडी येताना रिकामीच येते, तेव्हा बाटल्या आणण्याचा जादा खर्च फारसा नाही. बाटल्या सुट्या घेऊ नका. खाने असलेला क्रेट द्या, भरलेला क्रेट उतरवताना रिकामा उचला, आणि बिलावर क्रेटची अनामत वेगळ्या ओळीत दाखवा. हॉटेलवाला स्वतःच हिशेब ठेवू लागेल.

खरी मेहनत धुण्यात आहे. गरम पाण्यातल्या कॉस्टिक सोड्यात बाटल्या भिजवायच्या, स्वच्छ पाण्याने खळखळून काढायच्या, मग प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून तोंडाचा कपचा उडालाय का, तडा आहे का ते बघायचं. शंका आली की ती बाटली बाद. बूच दरवेळी नवं. कॉस्टिकचं पाणी तसंच ओढ्यात सोडलंत तर एका हाताने वाचवलेलं दुसऱ्या हाताने घालवलंत, त्यामुळे ते निष्प्रभ करायची सोय आधी करा. लेबलसाठी प्लास्टिकचा स्टिकर टाळा. पाण्यात सुटणाऱ्या डिंकाचा कागद वापरा, नाहीतर तुमची माणसं दिवसभर लेबलं खरवडत बसतील. आणि शेजारच्या उत्पादकांशी बोलून सगळ्यांनी एकाच मापाची, एकाच आकाराची बाटली वापरली तर फार चांगलं. मग कोणाचीही बाटली कोणीही भरू शकतो.

प्रश्न : चाकणच्या एका वाहन कंपनीला आम्ही सुटे भाग पुरवतो. पुठ्ठ्याचे खोके बंद करून प्लास्टिकचे बिन सुरू केले, पण बिन गायब होतात आणि ऐनवेळी पुन्हा खोक्यांत माल पाठवावा लागतो. कुठे चुकतंय?

बहुतेक वेळा बिन चोरीला गेलेले नसतात, मुळात कमी घेतलेले असतात. कागदावर मांडून बघा. समजा रोज ४०० नग जातात आणि एका बिनमध्ये २० बसतात, म्हणजे रोज २० बिन. आता एक बिन भरल्यापासून रिकामा होऊन तुमच्या लाइनवर परत यायला किती दिवस लागतात? तुमच्याकडे तयार माल दोन दिवस, प्रवास एक, कंपनीच्या स्टोअरमध्ये तीन, रिकाम्यांच्या यार्डात दोन, परतीचा एक. झाले नऊ दिवस. म्हणजे १८० बिन सतत फिरते हवेत. तुटफूट, धुणं आणि अडकून पडणं यासाठी १५ टक्के वर धरा, साधारण २१० होतात. बरेच पुरवठादार शंभर-सव्वाशे बिन घेतात आणि मग बिन हरवतात म्हणून त्रागा करतात.

यार्डातले ते दोन दिवस बारकाईने तपासा. पावसात उघड्यावर पडलेल्या बिनमध्ये पाणी साचतं, आतलं पार्टिशन निघून दुसऱ्याच पुरवठादाराच्या बिनमध्ये जातं, आणि तुमचा बिन कोणीतरी नटबोल्ट ठेवायला वापरत असतो. बिनचा रंग ठरवून घ्या, दोन्ही बाजूंना नाव आणि क्रमांक टाका. गाडी जितके भरलेले बिन उतरवते तितके रिकामे घेतल्याशिवाय गेटबाहेर पडायची नाही, हे कंपनीच्या स्टोअरशी लेखी ठरवा. रिकाम्यांसाठी वेगळं डिलिव्हरी चलन, म्हणजे विक्रीच्या बिलाशिवाय माल नेण्याचा कागद, करा आणि दर महिन्याला दोन्हीकडे प्रत्यक्ष मोजणी करून आकडे जुळवा. घडी होणारे बिन महाग पडतात. पण लांबचा पल्ला असेल आणि परतीच्या गाडीत जागेचं भाडं मोजावं लागत असेल, तर तेच घ्या.

प्रश्न : मी सोलापूरहून चादरी आणि बेडशीट ऑनलाइन विकते. परत येणाऱ्या पार्सलांनी नफा खाऊन टाकलाय. काय करू?

ताई, आधी दोन ढीग वेगळे करा. ग्राहकाने घेतलंच नाही म्हणून परत आलेलं पार्सल वेगळं, आणि उघडून, बघून परत केलेलं वेगळं. पहिल्या ढिगात बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी सापडतील. जिथे ग्राहकाशी थेट संपर्क साधता येतो, तिथे माल पाठवण्याआधी ऑर्डर पक्की करून घ्या आणि आगाऊ पैसे देणाऱ्याला थोडी सवलत द्या.

दुसऱ्या ढिगाचं कारण बहुतांशी तुमच्या फोटोत आणि वर्णनात असतं. ‘डबल बेडशीट’ एवढंच लिहू नका. ९० बाय १०० इंच असं लिहा, आणि ती किती बाय किती फुटांच्या गादीवर नीट खोचली जाते तेही लिहा. रंगाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा.

परत आलेलं पार्सल कॅमेऱ्यासमोर उघडा. आत भलताच माल निघाला तर दावा करताना तो व्हिडिओच कामी येतो. आणि ते त्याच दिवशी उघडा. सील शाबूत असेल तर लगेच साठ्यात, घडी मोडली असेल तर इस्त्री करून नवं पॅकिंग, डाग असेल तर स्थानिक दुकानात सेकंड म्हणून कमी भावात. दिवाळीआधी परत आलेला माल कोपऱ्यात पडून दिवाळीनंतर उघडला, तर तो विकायचा कोणाला? प्रत्येक परतीत जाण्या-येण्याचं इंधन आणि वर नवी प्लास्टिकची पिशवी जाते, त्यामुळे परत येणं टाळण्याइतकं स्वस्त आणि स्वच्छ दुसरं काही नाही.

प्रश्न : लातूरला आमचं औषध दुकान आहे. मुदत संपलेली औषधं परत करताना जीएसटीचा घोळ होतो. नियम काय?

ऑक्टोबर २०१८ मध्ये जीएसटीचं ७२ क्रमांकाचं परिपत्रक याच विषयावर निघालं. तुम्ही नवा पुरवठा समजून बिल करून माल परत करू शकता, किंवा डिलिव्हरी चलनावर पाठवून स्टॉकिस्टकडून, म्हणजे तुम्हाला माल देणाऱ्या घाऊक विक्रेत्याकडून, क्रेडिट नोट (परत मालाची रक्कम तुमच्या खात्यात जमा दाखवणारा कागद) घेऊ शकता. क्रेडिट नोटमध्ये कराचा हिशेब जुळवायचा तर मूळ बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरची मर्यादा आहे. म्हणून मुदत संपायची वाट बघू नका. तीन महिने आधीच अशा पट्ट्या बाजूला काढा आणि स्टॉकिस्टची परतीची मुदत विचारून ठेवा. मुदत संपलेला माल ‘विक्रीसाठी नाही’ लिहिलेल्या वेगळ्या खोक्यात ठेवा. तो घंटागाडीत कधीही टाकू नका. कंपनीकडे गेला तर जाळण्याची शास्त्रशुद्ध सोय होते, कचरा डेपोवर गेला तर तो पाण्यात तरी उतरतो किंवा पुन्हा बाजारात तरी येतो.

प्रश्न : मी पुण्यात पर्यावरणशास्त्र शिकतो. कंपन्यांच्या योजना ठीक, पण खरं काम भंगारवाले करतात ना?

अगदी बरोबर, आणि हे ठासून सांगायला हवं. तुमच्याच शहरात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे आणि २००८ पासून तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. पुठ्ठा, पेट बाटली, लोखंड यांना भाव आहे म्हणून ते उचललं जातं. वेफर्सच्या पुडीला भाव नाही म्हणून ती नाल्यात जाते. उत्पादकांवर जबाबदारी टाकणारे नियम याच जागी लागतात. भाव नसलेल्या वस्तू उचलण्याचे पैसे कंपनीने मोजावेत, आणि ते उचलणाऱ्याच्या हातापर्यंत पोचावेत.

पण भाव असला म्हणजे सगळं नीट चाललंय असंही नाही. इन्व्हर्टरची नवी बॅटरी घ्यायला गेलात की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, जुनी देणार का? शिशाला किंमत असल्याने जुन्या बॅटऱ्या हमखास परत येतात. मात्र त्यातल्या काही अशा जागी जातात, जिथे आम्ल गटारात ओतून शिसं उघड्यावर वितळवलं जातं. त्या धुराने लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी उत्पादकांना २०२५-२६ साठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के पुनर्चक्रणाचं उद्दिष्ट दिलं आहे. ते नुसतं प्रमाणपत्रांवर पूर्ण होतं की खरोखर, हे तपासायला तुमच्यासारखी माणसं हवीत.

प्रकल्प करायचा असेल तर एखाद्या भंगार दुकानदाराच्या परवानगीने महिनाभर तिथे जाऊन नोंद ठेवा. कोणती वस्तू आली, किती भावाने घेतली, पुढे कोणाकडे गेली. आणि जी वस्तू दुकानदाराने घ्यायला नकार दिला तिची यादी वेगळी करा. ती यादी मला नक्की पाठवा.