प्राध्यापकाचे आत्मकथन : एक पुस्तक की चार?

प्रश्न : मी मुंबईतील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. आमचे घराणे वारकरी असून माझ्या गळ्यात माळ आहे. नोकरीत असताना आषाढी वारी कधीच साधली नाही, कारण ती नेमकी प्रवेशाच्या आणि पहिल्या सत्राच्या धांदलीत येते. कार्तिकी मात्र दिवाळीच्या सुटीमुळे जमत असे. निवृत्तीनंतर आळंदी ते पंढरपूर चाललो, नर्मदा परिक्रमा अर्ध्यावर सोडली आणि मुलीकडे जर्मनीत राहून आलो. रोजनिशी, वृत्तपत्रांतील माझ्या विज्ञानलेखांची कात्रणे आणि विद्यार्थ्यांची पत्रे जपून ठेवली आहेत. स्नेही सुचवतात की अध्यापन, श्रद्धा, लेखन आणि प्रवास असे चार स्वतंत्र भाग लिहावेत. श्रद्धेविषयी लिहिले तर माजी विद्यार्थी हसतील, अशी धास्ती वाटते. पत्रे छापावीत का, हेही सांगावे.
— एक निवृत्त प्राध्यापक, मुलुंड

उत्तर : चार भाग करू नयेत. तसे केल्यास जर्मनीचे प्रकरण कोणत्याही युरोपवारीसारखे होईल, श्रद्धेच्या प्रकरणाचे प्रवचन होईल आणि अध्यापनाच्या भागात बदलत्या अभ्यासक्रमांची जंत्री उरेल. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आपण जाता जाता सांगितली आहे. माउलींची पालखी दिवेघाट चढत असताना आपण प्रयोगशाळेत नव्या मुलांना व्हर्निअर कॅलिपरचे वाचन घ्यायला शिकवत होता, आणि हे नोकरीच्या प्रत्येक वर्षी घडत होते. त्या दिवसांत आपल्याला काय वाटे, रजा मागावीशी वाटली का, मागितली नसल्यास का नाही, हे रोजनिशीत असेल तर पुस्तकाचा आरंभ तेथूनच करावा. अध्यापन आणि श्रद्धा तेथे एकाच पानावर येतात.

विद्यार्थी हसतील ही धास्ती अनाठायी आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे संस्कृतचे प्राध्यापक १८८६ साली व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले आणि १८९३ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जुन्या ग्रंथांचा काळ ठरवताना ते कठोर चिकित्सा करीत, आणि तेच भांडारकर प्रार्थना समाजाच्या उपासनेत तुकोबांच्या अभंगांचा आधार घेऊन बोलत. सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञान शिकवत, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि कीर्तनालाही उभे राहत. प्राध्यापकी आणि उपासना एकाच घरात नांदण्याची आपल्याकडे अशी जुनी रीत आहे. त्यासाठी कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही.

एक विनंती मात्र आग्रहाने करतो. ज्ञानेश्वरीत सापेक्षता किंवा पुंजवाद आधीच सांगितला आहे, असे दाखवणारे प्रकरण मनात असेल तर ते गाळावे. (अशी हस्तलिखिते आमच्याकडे अधूनमधून येतच असतात.) त्याने पदार्थविज्ञानाचे भले होत नाही आणि माउलींचेही होत नाही. श्रद्धा कृतीतून लिहावी : पहाटेच्या काकड्याला आपण खरोखर उठत होता का, हरिपाठ म्हणताना लक्ष कुठे असे, दिंडीत आपल्या शेजारी कोण चालत होते आणि त्यांनी आपला हुद्दा विचारला का. आयुष्यभर ‘सर’ म्हणवून घेतलेला मनुष्य तंबूत पंगतीला बसतो तेव्हा त्याचे काय होते, हे आपल्याइतके नेमके फार थोडे लोक लिहू शकतील.

प्रवासाबाबत विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८५७च्या बंडाच्या धामधुमीत ते उत्तरेकडे गेले, त्याचा वृत्तांत त्यांनी सुमारे पाव शतकानंतर लिहिला आणि तो ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली छापला गेला. तो आजही वाचला जातो, कारण दक्षिणा मिळेल या आशेने निघालेल्या भिक्षुकाच्या नजरेला जे दिसले ते त्यात आहे. आपणही जर्मनी शिक्षकाच्या नजरेने लिहावी. वस्तुसंग्रहालयांची वर्णने इतरत्र मिळतात. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचे नाही, हे परिक्रमेचे नियम अनेकांना ठाऊक आहेत. आपण ती अर्ध्यावर का सोडली, हे वाचकाला हवे आहे.

लेखांची कात्रणे परिशिष्टातही नकोत. फार तर एखादा लेख, आणि तो कोणत्या प्रसंगाने सुचला याची हकिकत.

पत्रांविषयी कायदा स्पष्ट आहे. कागद आपला असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, आणि १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून पत्र छापण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. गुण, नापास होणे, घरची गरिबी यांचा उल्लेख असेल तर केवळ नाव बदलून भागत नाही. वर्ष आणि तुकडी यांवरून वर्गमित्र माणूस बरोबर ओळखतात.

प्रश्न : माझे दिवंगत वडील प्राध्यापक होते. त्यांच्या वह्यांना पावसाळ्यात बुरशी येते. त्या कशा सांभाळाव्यात, आणि त्या मला छापता येतील का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : वह्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवू नयेत, कारण ओल आतच कोंडते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दूर सरकवावे. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नये, आणि दमट पाने उन्हात न घालता पंख्याच्या वाऱ्यात सुकवावीत. प्रत्येक पानाचे छायाचित्र मात्र आताच घेऊन ठेवावे. मजकुराचे हक्क वारसांकडे येतात. मृत्युपत्रात वेगळी व्यवस्था नसेल, तर आई आणि भावंडांची लेखी संमती घेऊनच प्रकाशकाकडे जावे. पुस्तक निघाल्यावर त्याच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचे बंधन १९५४च्या कायद्याने प्रकाशकावर आहे. त्यांत मुंबईच्या टाउन हॉलमधील ग्रंथालयही येते. तेथे प्रत पोहोचली की नाही, याची चौकशी आपण स्वतः करावी.