संसदेचे काम कशावरून मोजावे

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. येत्या अधिवेशनापासून तू एका खासदारांच्या कार्यालयात संशोधन साहाय्यक म्हणून रुजू होणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. संसद खरोखर काम करते का आणि ते ठरवायचे कशावरून, असे तू विचारले आहेस. पहिल्या दिवशी दिल्लीत पाऊल ठेवण्यापूर्वी हा प्रश्न पडला, ही चांगली गोष्ट आहे.

अधिवेशन संपले की वृत्तपत्रांत उत्पादकतेची टक्केवारी छापून येते. नियोजित तासांपैकी किती तास सभागृह चालले, एवढेच तो आकडा सांगतो. गदारोळात काही मिनिटांत आवाजी मतदानाने संमत झालेले विधेयक आणि दोन दिवस खंडशः चर्चा होऊन संमत झालेले विधेयक यांतला फरक त्याला कळत नाही. शिवाय नियोजित दिवसच कमी केले, तर टक्केवारी आपोआप चांगली दिसते. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या, तर सतराव्या लोकसभेच्या अवघ्या २७४. संविधानाच्या कार्यवाहीचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये लोकसभेसाठी वर्षाला किमान १२० आणि राज्यसभेसाठी १०० दिवस सुचवले होते. मात्र दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे, एवढेच बंधन संविधानात आहे, आणि अधिवेशन केव्हा बोलवायचे हे प्रत्यक्षात सरकारच ठरवते. ज्याने जाब द्यायचा त्यानेच तारीख ठरवायची, ही आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मोजायचे काय? सरकारला आपला निर्णय किती वेळा समजावून सांगावा लागला आणि किती वेळा बदलावा लागला, ते पाहा. हे पाहण्याची जागा बहुतेक वेळा सभागृहाबाहेर, विधेयके तपासणाऱ्या निवडक खासदारांच्या समितीच्या खोलीत असते. माहितीच्या अधिकाराचे उदाहरण घे. डिसेंबर २००४ मध्ये मांडलेले मूळ विधेयक फक्त केंद्र सरकारच्या कार्यालयांना लागू होणार होते. ते स्थायी समितीकडे गेले, समितीने सार्वजनिक कार्यात असलेल्या लोकांचे म्हणणे ऐकले आणि राज्य सरकारांनाही त्याच्या कक्षेत आणण्याची शिफारस केली. मे २००५ मध्ये ते त्या विस्तारित रूपात संमत झाले. महाराष्ट्राने २००२चा स्वतःचा कायदा आधीच केला होता. परंतु ज्या राज्यांत असा कायदाच नव्हता, तिथल्या माणसाला तलाठ्याच्या दप्तराची नक्कल मागण्याचा हक्क मिळण्यात समितीच्या त्या काही आठवड्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. मूळ विधेयक, समितीचा अहवाल आणि अंतिम कायदा ही तिन्ही कागदपत्रे शेजारी ठेवून वाच. संसद म्हणजे काय हे त्यातून जितके कळेल, तितके प्रेक्षक दीर्घेत बसून कळणार नाही.

म्हणूनच पुढचे आकडे मला अस्वस्थ करतात. पीआरएस या संशोधनसंस्थेच्या नोंदींनुसार पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, आणि सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्केच. कृषिविषयक तीन विधेयके सप्टेंबर २०२० मध्ये कोणत्याही समितीकडे न जाता संमत झाली. राज्यसभेत विरोधकांनी मागितलेले मतविभाजन, म्हणजे मते मोजून घेतलेले मतदानही, गदारोळात झाले नाही. शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे रद्द करणारे विधेयक संमत झाले, तेही चर्चेविना. त्या कायद्यांच्या बाजूचे आणि विरोधातले, दोन्ही म्हणणे मांडायला समिती ही योग्य जागा होती. जे तिथे ऐकले गेले नाही, ते दिल्लीच्या सीमेवर ऐकावे लागले.

सभागृहात खासदार स्वतःच्या मताने मत का देत नाहीत, हा प्रश्न तुला लवकरच पडेल. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश (व्हिप) मोडणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात येते, मग विषय विश्वासदर्शक ठरावाचा असो की एखाद्या साध्या विधेयकाचा. आयाराम-गयाराम रोखायला तो कायदा हवाच होता, पण त्याची व्याप्ती फार मोठी झाली. समितीत मात्र पक्षादेश चालत नाही आणि कॅमेराही नसतो, त्यामुळे वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य तिथे मोकळेपणाने बोलतात. तुझ्या खासदारांची खरी तयारी तू तिथल्यासाठीच करून द्यावीस.

एकट्या सदस्याच्या हाती काही उरत नाही, असे मात्र मानू नकोस. खासगी सदस्यांची, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची, विधेयके आजवर १४च संमत झाली आणि शेवटचे १९७० मध्ये, हे खरे आहे. पण संसद मूलभूत हक्क कमी करू शकत नाही असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर राजापूरचे खासदार नाथ पै यांनी १९६७ मध्ये मांडलेले घटनादुरुस्ती विधेयक आठव. संविधानातल्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणातही दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे त्यात स्पष्ट करायचे होते. ते संमत झाले नाही, पण दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपर्यंत गेले, त्यावर देशभर वाद झाला आणि त्यातला मुद्दा १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत आला. तो अधिकार किती असावा याबद्दल मतभेद होते आणि आजही आहेत, परंतु एका विरोधी सदस्याने देशाला या प्रश्नावर विचार करायला लावले.

तुझे रोजचे काम प्रश्नांचे असेल. लोकसभेत दिवसाला २० तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न यादीत येतात, त्यातले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. म्हणून अतारांकित प्रश्नांना दुय्यम मानू नकोस. त्यांची लेखी उत्तरे कायमची नोंद होतात. प्रश्न नेमका हवा: 'सरकारने काय पावले उचलली' असे विचारलेस, तर योजनांची यादी मिळेल. जिल्हा, वर्ष, मंजूर निधी आणि खर्च झालेला निधी असे विचारलेस, तर उत्तर टाळणे अवघड जाते. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' असे उत्तर आले तर निराश होऊ नकोस, कारण नियमांनुसार ते आश्वासन ठरते. ते तीन महिन्यांत पुरे करावे लागते आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. अशा प्रत्येक उत्तराची तारीख वहीत लिहून ठेव. मुदत उलटली की खासदारांच्या सहीचे पत्र समितीकडे पाठव, आणि त्या पत्राची एक प्रत मलाही पाठव.

कळावे, लोभ असावा.