आधी दारावरचं स्टिकर वाच

भटकंती-मुक्कामासाठी फोर्डची एफ-२५० पिकअप घेतलीस, झकास. पण छतावरचा तंबू मागवायच्या आधी ड्रायव्हरचं दार उघड आणि चौकटीवरचं स्टिकर वाच. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते तिथे छापलेलं असतं. नवखे टोइंगचा, म्हणजे मागे ट्रेलर किती ओढेल त्याचा, आकडा बघून हुरळतात. तो इथे कामाचा नाही. डिझेल इंजिन जड, त्यामुळे बऱ्याचदा डिझेलवाली गाडी पेट्रोलवालीपेक्षा कमी माल घेते. गंमतच आहे, पण खरं.

पाणीच बघ. एक गॅलन सव्वाआठ पौंडांच्या आसपास, म्हणजे २० गॅलनला १६५ पौंड गेले. मी पहिल्या वर्षी ड्रॉवर, लोखंडी बंपर, फ्रिज, सगळं चढवलं आणि हौसेनं ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर गेलो. मागच्या अ‍ॅक्सलवरचं, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावरचं, वजन मर्यादेबाहेर! घरी येऊन निम्मं सामान उतरवलं. बायको नुसती हसत होती.

टायर दणकट, दहा प्लायच्या (थरांच्या) तोडीचे घे. कच्च्या रस्त्यावर हवा कमी कर, म्हणजे दणके कमी बसतात. पण डांबरावर परतताना पुन्हा भरायची, म्हणून चांगला कंप्रेसर हवाच. विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोरानं ओढून काढणारं यंत्र, नंतर बघू.

अडकलास तर ओढायचा पट्टा टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, कधीही लावू नकोस. तो बॉल तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या व्हाइट रिम या कच्च्या रस्त्याची घाई नको. शंभर मैलांची वाट, परमिट लागतं, वाटेत पाणी नाही, पेट्रोल नाही. आधी घराजवळ एक रात्र काढ.